बोरवस्तीची पांदण

उमादेवी हत्तरगे बाईंचं आणि संस्थेचे सचिव शिवप्रसादअप्पांचं पटत नव्हतं, ही गोष्ट चिंचगुंडीच्या शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होती. सहा वर्षांपूर्वी पर्यवेक्षकाची जागा निघाली तेव्हा सेवाज्येष्ठता बाईंची होती. खुर्चीवर बसले अप्पांचे जावई. त्या दिवशी बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत जे बोलल्या ते पार व्हरांड्यापर्यंत ऐकू आलं होतं. अप्पांनी त्यांना नंतर कधी तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त दर वर्षी बाईंचा इतिहास-भूगोल जेवणाच्या सुट्टीनंतर लागायचा, तोही पत्र्याच्या खोलीत. आणि दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून स्काउट-गाईडचं मुलींचं पथकही त्यांच्याच गळ्यात पडलं.

पथक मात्र बाईंनी मनावर घेतलं. अठरा पोरी होत्या. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन तास. गाठी मारणं, तंबू उभा करणं, जखम बांधणं हे झालंच. यंदा जिल्ह्याकडून ‘आपलं राज्य’ नावाचा बॅज आला होता आणि त्याच्या अटी बाईंच्या विषयातल्या होत्या. आपलं गाव पायी मोजायचं, होकायंत्र लावून नकाशा काढायचा, तो जुन्या नकाशाशी ताडून बघायचा आणि गाव कुणाकुणाच्या राज्यात होतं ते जुन्या माणसांना विचारून लिहायचं.

“पुस्तकातला महाराष्ट्र नंतर,” बाई पोरींना म्हणाल्या. “तुमच्या पणजीनं घर न बदलता चार राज्यं बघितलीत. निजामाचं बघितलं, मग हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. चूल तीच, राज्य चार. हे कसं झालं ते तिला विचारून या.”

पोरी विचारून आल्या. कुणाच्या पणजीनं कन्नडमध्ये सांगितलं, कुणाच्या आजोबांनी रडत सांगितलं. बाईंनी सगळं लिहून घ्यायला लावलं.

सगळ्यांत नेटकं काम होतं शिवप्रियाचं. ती नववीत होती, एका संघाची नायिका होती, आणि शिवप्रसादअप्पांची नात होती. शंभर मीटरला तिची एकशे बेचाळीस पावलं पडायची. हे तिनं शाळेच्या मैदानावर टेप लावून पाच वेळा तपासलं होतं. तिच्या संघात होकायंत्र धरायचं काम हर्षालीकडे होतं. हर्षाली ओढ्यापलीकडच्या बोरवस्तीवरून यायची. सकाळी शाळा असली की तिला साडेसहाला निघावं लागायचं, कारण डांबरी रस्ता फाट्याला वळसा घालून येतो.

जुना नकाशा बाईंनी स्वतः उमरग्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवला. निजामाच्या काळातल्या मोजणीची ती नक्कल होती, अक्षरं उर्दूत. ऑगस्टमधल्या एका शनिवारी तो नकाशा घेऊन त्या मारुतीच्या देवळापासून निघाल्या. नकाशावर देवळामागून तुटक रेघांची एक जोडी निघून थेट ओढ्याकडे आणि ओढ्यापलीकडे बोरवस्तीपर्यंत गेली होती. शिवप्रिया पावलं मोजत पुढं, हर्षाली होकायंत्र धरून मागं. चारशे चाळीसाव्या पावलाला शिवप्रिया थांबली. समोर काटेरी तार होती. तारेपलीकडं ऊस.

“बाई, नकाशा चुकलाय,” ती म्हणाली. “इथं तर आमचा ऊस हाय.”

“नकाशा न्हाय चुकला,” हर्षाली म्हणाली. “माझी आजी म्हणती, आधी बैलगाडी हितूनच यायची. पांदण होती.”

“तुझ्या आजीला काय माहीत?”

“मग तुझ्या अज्जाला इचार की.”

बाकीच्या पोरी बाईंच्या तोंडाकडं बघायला लागल्या. बाईंनी नकाशा घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, “आधी वाचून घेऊ. काय लिहिलंय तेच आपल्याला कळंना.”

त्या वेळी आपल्याला काय वाटलं, हे बाईंनी पुढं कितीदा तरी आठवून बघितलं. वाईट नव्हतं वाटलं. काळजीही नव्हती वाटली. तारेपलीकडचा तो उंच, हिरवागार ऊस बघून त्यांना आनंद झाला होता. सहा वर्षांनी हातात काहीतरी आलं होतं.

उर्दू वाचणारा माणूस गावात एकच उरला होता. गुंडप्पा नव्वदीच्या घरातले, लहानपणी निजामाच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या ओट्यावर पोरी गोल करून बसल्या. म्हाताऱ्यानं नकाशा नाकाला लावला, चष्मा काढला, परत लावला.

“हे बघा, हितं मशीद. हितं बावडी,” त्यांचं बोट सरकत होतं. “आणि ह्या दोन रेघांच्या मधी लिवलंय, रास्ता.”

“कसला रस्ता, अज्जा?” शिवप्रियानं विचारलं.

“सरकारी. गाडीचा. माझं लगीन झालं तवा वरात ह्याच रस्त्यानं आली. बोरवस्तीची माझी बायको.” ते हसले. मग पोरीकडं निरखून बघत म्हणाले, “तू कुणाची गं?”

तिनं नाव सांगितलं. गुंडप्पांनी नकाशा हळूच बाईंच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “डोळं लई दुखायला लागलं. आता जावा तुमी.”

पुढच्या तीन आठवड्यांत मोठ्या ड्रॉइंग कागदावर गावाचा नकाशा तयार झाला. ओढा निळा, डांबरी रस्ता काळा, घरं पिवळी. पांदण तांबड्या रंगात, आणि जिथं तार लागते तिथं एक आडवी काळी खूण. सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर हा नकाशा प्रदर्शनात लावायचा आणि संघनायिकेनं तो गावाला समजावून सांगायचा, असं ठरलं.

आदल्या शनिवारी सगळ्या पोरी गेल्यावर शिवप्रिया मागं थांबली.

“बाई, पांदणीचं हर्षालीनं सांगितलं तर चालंल का?”

“का गं? संघनायिका तू हाईस. मोजलंस तू.”

“मग घरी आधी सांगू का?”

बाई रंगाच्या वाट्या धुत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “प्रदर्शनात बघतीलच की. केलेल्या कामाला भ्यायचं कशाला?”

“बरं,” शिवप्रिया म्हणाली.

सतरा सप्टेंबरला पाऊस उघडला होता. झेंडा अप्पांच्या हस्ते झाला. भाषणात त्यांनी आपल्या भागातल्या लोकांनी निजामाविरुद्ध काय सोसलं ते सांगितलं, आवाज चढवून, चांगलं सांगितलं. मग सगळे हॉलमध्ये आले. नातीला नकाशासमोर काठी घेऊन उभी बघून अप्पांनी शेजारच्या सरपंचाला कोपरानं खुणावलं.

शिवप्रिया पाठ केल्यासारखं बोलली नाही. एकेक ठिकाण दाखवत गेली. शाळा, टाकी, मशीद, जुनी बावडी. मग काठी तांबड्या रेघेवर आली. “हा जुना गाडीरस्ता. देवळापासून बोरवस्तीपर्यंत बाराशे सत्तर मीटर. सध्या तीनशे दहा मीटरवर बंद आहे.”

हॉलमध्ये मागं बोरवस्तीची माणसं उभी होती. हर्षालीचे वडील बलभीम पुढं आले. “पोरी, किती म्हणालीस?”

“बाराशे सत्तर मीटर, काका.”

“आणि डांबरीनं?”

“साडेचार किलोमीटर.”

“बंद कशानं हाय?”

शिवप्रियानं बाईंकडं बघितलं. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, सांग म्हणून.

“उसानं,” शिवप्रिया म्हणाली. “आमच्या.”

कुणीतरी हसलं. बलभीमनं खिशातून मोबाइल काढला आणि नकाशाचा फोटो घेतला. मग आणखी दोघा-तिघांनी घेतला. अप्पा तोवर दाराबाहेर पडले होते.

दुपारी बाईंना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं आलं. खुर्चीवर अप्पा बसले होते. मुख्याध्यापक कृष्णराज सर कपाटाला टेकून उभे होते. नकाशाची गुंडाळी टेबलावर होती, मधोमध दाबून चपटी झालेली.

“बसा म्हणायची गरज न्हाय,” अप्पा म्हणाले. “काय करलालाव तुम्ही ह्या शाळेत?”

“बॅजचा अभ्यासक्रम घेतला, अप्पा. अटी सरांच्या टेबलावर हाईत.”

“मला अटी नगा सांगू. माझ्या शेतात माणसं घुसवायची अट हाय का त्यात?”

“तुमच्या शेतात कुणी गेलं न्हाय. तारेपाशी थांबलो आम्ही.”

“अहो बाई, जरा समजून घ्या,” कृष्णराज सर म्हणाले. “एक रेघ न्हाय दाखवली तर नकाशा काय अडतो का?”

“अडतो, सर.”

अप्पा उठले. टेबलाला वळसा घालून पुढं आले. “तुम्हाला पर्यवेक्षक व्हायचं होतं. न्हाय झालाव. ते तुमच्या पोटात हाय, ते मला कळतंय. माझ्याशी भांडायचं होतं तर माझ्या दारात यायचं. माझ्या नातीच्या तोंडून मला गावासमोर चोर म्हणवून घेतलाव तुम्ही. लाज वाटाय पाहिजे.”

“तुम्हाला चोर कुणी म्हणलं न्हाय. तिनं मोजलेलं सांगितलं.”

“तिला काय कळतंय!”

“तुमच्यापेक्षा जास्त कळतंय,” बाई म्हणाल्या. “निजामानं सोडलेला रस्ता तुम्ही खाल्लाव, एवढं कळतंय.”

अप्पांनी गुंडाळी उचलली आणि गुडघ्यावर मोडू बघितली. कागद मोडत नाही, नुसता चुरगळतो. म्हणून मग त्यांनी तो फाडायला घेतला. बाई तशाच उभ्या राहून बघत होत्या. फोटो बोरवस्तीत घरोघर पोचले होते, हे दोघांनाही माहीत होतं.

चार दिवसांनी बोरवस्तीच्या चाळीस जणांच्या सह्यांचा अर्ज तहसीलमध्ये गेला. सोबत पोरींच्या नकाशाचा फोटो जोडला होता. मग गाव फुटलं. अप्पांच्या गड्यांनी ओढ्यातून येणारी बोरवस्तीची दोन जनावरं अडवली. बोरवस्तीच्या पोरांनी रात्रीतून तारेचे चार खांब उपटून ओढ्यात टाकले. मंडळ अधिकारी मोजायला आले त्या दिवशी दोन्हीकडून शिव्या झाल्या, एकाचं डोकं फुटलं आणि पोलीस बोलवावे लागले. किराणा दुकानात बाई गेल्या की बायका बोलायच्या थांबायच्या. कुणीतरी त्यांच्या स्कूटीच्या सीटला ब्लेड मारलं. बाईंचा नवरा विरेश उमरग्यात औषधाचं दुकान चालवायचा. त्यानं ते सीट बघितलं आणि एवढंच विचारलं, “हे तू पोरींसाठी केलंस, का त्या माणसासाठी?”

बाईंनी चिकटपट्टी मागून घेतली.

शिवप्रिया तीन आठवडे शाळेत आली नाही. परत आली तेव्हा स्कार्फ नव्हता. वर्गात ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि हजेरीला ‘उपस्थित’ एवढंच म्हणाली. तिच्या काकानं तिला मारल्याचं पोरी सांगत होत्या. अप्पांनी मारलं नव्हतं. ते नातीशी बोलायचेच बंद झाले होते.

पथक बाईंकडून काढून घेतलं गेलं. नंतर संस्थेनं चौकशी समिती नेमली. दिवाळीनंतर एका दुपारी तीन सदस्य, कृष्णराज सर आणि बाई असे सगळे बंद खोलीत बसले. आरोप होता की बाईंनी वैयक्तिक वैरापोटी अल्पवयीन विद्यार्थिनीचा वापर केला. पुरावा म्हणून एक कागद वाचून दाखवला. तो शिवप्रियाचा जबाब होता.

‘पांदणीचं हर्षालीनं सांगावं असं मी बाईंना म्हणाले होते. घरी आधी सांगू का असंही विचारलं होतं. बाईंनी सांगू नको असं म्हटलं नाही, पण सांग असंही म्हटलं नाही. मला भीती वाटत होती हे त्यांना दिसत होतं.’

बाईंनी कागद मागितला. अक्षर तिचंच होतं, नकाशावर होतं तसंच सरळ. कुणी सांगून लिहवून घेतलं असतं तर वाक्यं वेगळी असती. ह्यात एक शब्दही जास्त नव्हता.

समितीतले एक सदस्य वकील होते. ते म्हणाले, “बाई, पोरीवर घरच्यांचा दबाव असू शकतो. तुम्ही हे नाकारणार असाल तर तसं लिहून द्या.”

कृष्णराज सरांनी मान डोलावली. त्यांनाही सुटका हवी होती. एवढं लिहिलं असतं तर प्रकरण लोंबकळत राहिलं असतं, आणि ठरत आलेली बदली टळली असती.

बाईंनी कागद टेबलावर परत ठेवला. मग म्हणाल्या, “ती खरं बोलतीय.”

“म्हणजे?”

“म्हणजे हे असंच झालं. नकाशा खरा हाय, पांदण सरकारी हाय, त्यावर मी मागं हटणार न्हाय. पण तिला तिथं मी उभं केलं. तिच्या तोंडून निघालं की अप्पांना जास्त लागेल, हे मला माहीत होतं.”

वकिलांनी पेन खाली ठेवलं. कृष्णराज सर खिडकीकडं वळून उभे राहिले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन कागद आले. एक तहसीलदारांचा आदेश: पांदण बारा फुटांची, ऊस तुटल्याबरोबर खुली करावी. दुसरा संस्थेचा: श्रीमती हत्तरगे यांची परंड्याच्या शाखेत बदली. उमरग्यापासून दीडशे किलोमीटर.

शेवटच्या दिवशी बाईंनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, सह्या केल्या. निरोपाचा कार्यक्रम नव्हता. बोरवस्तीवरून बलभीम एक नारळ घेऊन आले होते. “तुमच्यामुळं झालं, बाई,” ते म्हणत राहिले. बाईंनी नारळ घेतला, पण बलभीमकडं त्यांना नीट बघवलं नाही.

फाटकापाशी स्कूटीजवळ शिवप्रिया सायकल धरून उभी होती.

“बाई, तुम्ही समितीत म्हणालाव ते मला कळलं,” ती म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून म्हणालाव का?”

“न्हाय. खरं होतं म्हणून.”

“मग तवाच का न्हाय म्हणालाव? मी विचारलं होतं की तुम्हाला. वाट्या धुताना.”

बाईंनी हातातला नारळ स्कूटीच्या सीटवर ठेवला. “तू न्हाय म्हणशील, असं वाटलं म्हणून.”

शिवप्रियानं मान हलवली, गणिताचं उत्तर पडताळून बघावं तशी. “पांदण होती, हे मी घरात पण म्हणाले. अज्जासमोर म्हणाले. मार खाल्ला तरी म्हणाले. ते मी तुमच्यासाठी न्हाय केलं.”

“मला ठाऊक हाय.”

“न्हाय ठाऊक तुम्हाला. तुम्हाला वाटतंय तुम्ही आणि अज्जा भांडलाव. तुम्हा दोघांचं काय गेलं? अज्जाचा उसाचा पट्टा गेला. तुमची बदली झाली. आमच्या घरात माझ्या ताटात कुणी वाढत न्हाय. मीच वाढून घेते.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “आणि वस्तीवरच्या पोरी मला म्हणतात, शिवप्रिया, तू लई चांगली गं. मला त्यांचापण राग येतो.”

“शिवप्रिया, मी चुकले.”

“व्हय,” ती म्हणाली.

बाई थांबल्या. आणखी काही ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं होतं. गाईड एकमेकींना डाव्या हातानं हात देतात. बाईंनी डावा हात पुढं केला. शिवप्रियाचे दोन्ही हात सायकलच्या मुठीवर होते आणि ते तिथंच राहिले.

“नवीन बाई पथक सुरू करणार हाईत,” ती म्हणाली. “मी परत नाव घालणार हाय. मला मोजायला आवडतंय. तुम्ही नसलाव तरी आवडतंय.”

आणि ती सायकलवर बसून निघून गेली. तिनं नमस्कारही केला नाही.

जानेवारीत ऊस तुटला. पोलीस बंदोबस्तात जेसीबी आला, बारा फुटांचा पट्टा मोकळा झाला. अप्पांनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही बाजूंनी नवी तार ओढली, पहिल्यापेक्षा उंच. त्या दोन तारांमधून बोरवस्तीच्या पोरी आता पंधरा मिनिटांत शाळेत येतात. ढेकळं अजून मोडलेली नाहीत, म्हणून सायकल हातात धरून चालावं लागतं. अप्पा शेतावर असले की पोरी मान खाली घालून जातात आणि अप्पा त्यांच्याकडं पाठ करून उभे राहतात. हे सगळं बाईंना फोनवर हर्षालीनं सांगितलं. शिवप्रियाबद्दल बाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “ती आमच्यासंगट बोलत न्हाय, बाई. तुमचं नाव तर काढूच देत न्हाय.”

बाई तेव्हा परंड्याच्या भाड्याच्या खोलीत होत्या. नव्या शाळेत त्यांना गाईडचं पथक घेणार का, असं विचारलं होतं आणि त्यांनी अजून कळवलं नव्हतं. हर्षाली पुढं बोलत राहिली. ओढ्यावर पूल हवाय म्हणाली, अर्ज केलाय म्हणाली. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.